बोनेट उघडेना? खटका काय सांगतो, ते आधी ऐका!

गाडी चालवायला आपण शिकतो, लायसन्स काढतो, पहिल्या ड्राइव्हचं स्टेटसही टाकतो. पण तीच गाडी भर उन्हात तापून थांबली आणि बोनेटच उघडेना, तर काय करायचं? हे ना ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात, ना कॉलेजात. खरं तर दोन माणसं, एक पक्कड आणि थोडा धीर असेल, तर बहुतेक वेळा काम होऊन जातं.

एक काम करा. आज संध्याकाळी घरच्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसा. मोबाइल बाजूला ठेवा. आणि बोनेट उघडायचा लिव्हर, म्हणजे आपला साधा खटका, कुठे आहे ते शोधा. बाबांना न विचारता!

सापडला? बऱ्याच गाड्यांत तो स्टीअरिंगच्या खाली, उजव्या गुडघ्याजवळ असतो. त्यावर बोनेट उघडलेल्या गाडीचं छोटंसं चित्र असतं. आता तो ओढून बघा. ‘खट्’ असा आवाज आला आणि बोनेट बोटभर वर आलं, तर सगळं ठीक. नाही आलं, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

आणि आलं असेल, तरी वाचाच. कारण ‘आपल्या गाडीचं बोनेट उघडतं की’ असं आम्हालाही वाटायचं. ते उघडत नाही हे कळलं तेव्हा आम्ही घरापासून लांब होतो आणि गाडीत आजी होती.

वेरूळच्या अलीकडे

मी तेव्हा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होतो. मे महिना, कन्नडला लग्न. बाबांची बारा वर्षं जुनी हॅचबॅक, मागच्या सीटवर आई आणि आजी. दौलताबाद मागे टाकलं, घाट चढलो, एसी फुल्ल. खुलताबाद सोडलं आणि टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला. वेरूळच्या अलीकडे एका लिंबाखाली गाडी लावली. पारा चाळिशीच्या पुढे. आजीला बीपीचा त्रास.

गाडी थोडी निवल्यावर बाबा म्हणाले, ‘‘चला इंजिनीअरसाहेब, बघा जरा.’’

मी ऐटीत खटका ओढला. काहीच नाही. परत ओढला. नाहीच. मग दोन्ही हातांनी, पाय टेकवून, दात-ओठ खात ओढला. आणि कट्‌कन आवाज होऊन खटक्याचं प्लॅस्टिक माझ्या हातात आलं.

आजी खिडकीतून म्हणाली, ‘‘अरे, झाकणच तर आहे ते. उघडंना व्हय?’’

तेवढ्यात एक बाइक थांबली. माझ्याच वयाचा मुलगा, अंगात कंपनीचा शर्ट. आयटीआय करून वाळूजला अप्रेंटिस होता, सुटीला गावी चालला होता. त्याने गाडीकडे बघितलं, माझ्या हातातल्या प्लॅस्टिककडे बघितलं आणि विचारलं, ‘‘भाऊ, ओढताना हाताला काय लागलं?’’

मी म्हणालो, ‘‘खूप जोर लावला रे.’’

‘‘जोराचं नाही विचारत. घट्ट लागत होतं का सैल?’’

खरं सांगतो, मला आठवेना. मी फक्त ओढत होतो.

त्याने डॅशबोर्डखाली हात घालून केबलचं टोक चाचपलं. ‘‘केबल शाबूत आहे. पुढचं लॉक जाम झालंय,’’ म्हणाला. बाबांना बोनेटच्या पुढच्या कडेवर, बरोबर मधोमध, दोन्ही तळवे ठेवायला सांगितले. स्वतः पक्कड घेऊन केबलचं टोक धरलं. ‘‘काका, दाबा... हां, आता सोडा. परत दाबा.’’ तिसऱ्या वेळी ‘खट्’ झालं. कूलंटची टाकी रिकामी होती. जेमतेम दहा मिनिटांचं काम. पैसे घेतले नाहीत, आईने दिलेलं पाणी प्यायला आणि निघाला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

‘थिअरी ऑफ मशीन्स’मध्ये मला बरे मार्क होते. यंत्रणांच्या आकृत्या मी डोळे मिटून काढायचो. पण त्याने विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातही आला नव्हता. तेव्हापासून मी कुणाच्याही अडकलेल्या गाडीजवळ गेलो, की आधी तोच प्रश्न विचारतो.

आत आहे तरी काय?

तुम्ही सायकलचा ब्रेक दाबलाय? बाइकचा क्लच ओढलाय? मग बोनेटची यंत्रणा तुम्हाला अर्धी कळलेलीच आहे.

बाहेरून एक वेष्टन, आतून सरकणारी पोलादी तार. एका टोकाला ओढलं, की दुसऱ्या टोकाला काम होतं. हिला ‘बाउडन केबल’ म्हणतात. अर्नेस्ट बाउडन या माणसाने १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं आणि पुढे ती सायकलच्या ब्रेकमध्ये सर्रास वापरली जाऊ लागली. आपल्या शहराशी तर तिचं जवळचं नातं आहे. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून इथल्या कित्येक घरांची भाकरी दुचाकीवर चालते. ‘क्लच केबल तुटली’ हे वाक्य ज्या घरात कधीच बोललं गेलं नाही, असं घर आपल्याकडे शोधावं लागेल!

बोनेटमध्ये तीच केबल आहे. खटक्यापासून निघते, गाडीच्या एका कडेने पुढे जाते आणि जाळीच्या मागे, रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर बसवलेल्या लॉकला जोडलेली असते. लॉकमध्ये स्प्रिंग लावलेला एक आकडा असतो आणि बोनेटला खालून एक कडी. बोनेट बंद केलं, की कडी आकड्यात अडकते. खटका ओढला, की केबल आकड्याला मागे खेचते, कडी सुटते आणि बोनेट थोडं वर उसळतं.

पण पूर्ण उघडत नाही. कारण तिथे दुसरा एक सेफ्टी कॅच असतो. फटीतून बोटं घालून तो सरकवला, की मगच बोनेट वर येतं. उगाच कटकट वाटते ना? पण पहिलं लॉक चालत्या गाडीत सुटलं, तर बोनेट थेट काचेवर येऊ नये, म्हणून ही सोय. अमेरिकेत तर काच झाकू शकेल अशा बोनेटला हे दुसरं लॉक कायद्यानेच सक्तीचं आहे.

मग बिघडतं काय? बहुतेक वेळा लॉकच. ते गाडीच्या अगदी पुढे, जाळीच्या मागे असतं. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ आणि पावसाळ्यातला चिखल पहिल्यांदा त्याच्यावर बसतो. वॉशिंग सेंटरवर प्रेशरने पाणी मारलं, की धुळीबरोबर ग्रीसही निघून जातं. मग गंज चढतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली असेल, तर विचारूच नका. दुसरं कारण म्हणजे केबल. ती वर्षानुवर्षं ओढून सैल होते, तिचं वेष्टन क्लिपमधून निसटतं किंवा तार टोकाशी तुटते. आणि तिसरं कारण पार्किंगमध्ये समोरून बसलेला धक्का. लॉक आणि कडी एका रेषेत राहत नाहीत आणि आकडा अडकून बसतो.

खटक्याची भाषा

आता त्या मुलाचा प्रश्न. ओढताना हाताला काय लागलं? उत्तरं साधारण चार प्रकारची असतात.

घट्ट लागतंय, पण ‘खट्’ होत नाही: केबल ठीक आहे. लॉक जाम आहे किंवा कडीवर ताण आलाय. सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं आणि सुटतंही सोपं.

एकदम सैल, जसं काही जोडलेलंच नाही: केबल तुटली आहे किंवा एखाद्या टोकाशी निसटली आहे.

थोडं ओढलं जातं, पण पुरेसं नाही: केबल ताणली गेली आहे किंवा वेष्टन जागेवरून सरकलंय. तार ओढली जाण्याऐवजी वेष्टनच हलतंय.

‘खट्’ झालं, बोनेट बोटभर वरही आलं, पण पुढे उघडत नाही: मुख्य लॉक सुटलंय. अडकलाय तो सेफ्टी कॅच. खटका ओढत बसण्यात काही अर्थ नाही.

एक मिनिटाचं काम आहे. पण हे न करता जोर लावला, की माझ्यासारखं प्लॅस्टिक हातात येतं आणि एका बिघाडाचे दोन होतात.

चला, उघडूया

सुरुवात दोघांच्या युक्तीने करा. एक जण गाडीत बसून खटका ओढून धरेल. दुसऱ्याने बोनेटच्या पुढच्या कडेवर, लॉकच्या बरोबर वर, दोन्ही तळवे सपाट ठेवून दाबायचं आणि सोडायचं. पाच-सहा वेळा. दाबल्यावर कडीवरचा ताण कमी होतो आणि अडकलेला आकडा सरकतो. कोपर किंवा गुडघा लावू नका, बोनेटच्या मधल्या भागावर तर मुळीच नको. आजच्या गाड्यांचा पत्रा पातळ असतो, लगेच पोचा पडतो. सोबत कुणी नसेल, तर रस्त्यावरच्या कुणालाही हाक मारा. लाजायचं काय त्यात?

तरीही नाही सुटलं, तर स्प्रे. हार्डवेअरच्या दुकानात गंज सोडवणारा स्प्रे मिळतो, त्यासोबत बारीक नळी येते. मोबाइलचा टॉर्च जाळीतून आत मारा, लॉक दिसतं का बघा आणि नळीने थेट त्याच्यावर फवारा. दहा-पंधरा मिनिटं थांबा. या वेळात चहा घ्या, पण खटका ओढू नका. मग पुन्हा दोघांची युक्ती.

खटक्याचं प्लॅस्टिक तुटलं असेल किंवा केबल खटक्याजवळच निसटली असेल, तर डॅशबोर्डखाली तारेचं टोक शोधा. एका हाताने वेष्टन घट्ट धरा, दुसऱ्या हाताने पकडीत तार पकडून सरळ ओढा. त्याच वेळी बाहेरच्याने बोनेट दाबायचं. वेष्टन सरकलं असेल, तरी हाच उपाय चालतो.

केबल पुढे लॉकजवळ तुटली असेल, तर मात्र मेकॅनिकला बोलवा. काही गाड्यांत जाळीतून लांब स्क्रू ड्रायव्हरने आकडा सरकवता येतो, काहींत जाळी काढावी लागते, काहींत खालचं कव्हर. कोणत्या गाडीत कुठून हात जातो, हे अनुभवी माणसालाच माहीत असतं. त्याला फोन करताना मात्र ‘बोनेट उघडत नाहीये’ एवढंच सांगू नका. ‘खटका सैल लागतोय’ किंवा ‘घट्ट आहे, पण सुटत नाही’ असं सांगा. तो येताना योग्य सामान घेऊन येईल. आणि तो काम करत असताना शेजारी उभं राहून बघा, रील्स नंतरही बघता येतात!

इथे थांबायचंच

काही गोष्टींत हिरोगिरी नको.

इंजिन तापलंय, वाफ येतेय? गाडी बंद करून किमान अर्धा तास थांबा. नंतर बोनेट उघडलं, तरी रेडिएटरचं झाकण किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण गरम असताना उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच उकळतं पाणी चेहऱ्यावर येतं.

जाळीतून हात घालताना लक्षात ठेवा, की इंजिन बंद असलं तरी बऱ्याच गाड्यांचा रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो. बोटं आत नकोत.

बोनेटखालून काळा धूर किंवा ज्वाळा दिसल्या, तर बोनेट उघडायचं नाही. उघडलं, की आगीला हवा मिळते आणि भडका उडतो. सगळ्यांना उतरवा, लांब जा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. गाडीचं नंतर बघता येईल.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. कुणी कितीही ‘काही होत नाही रे’ म्हणो. हातोडीही नको. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचे सेन्सर पुढच्याच भागात असतात. आणि गाडी इलेक्ट्रिक असेल, तर नारिंगी रंगाच्या जाड केबलला हात लावायचा नाही.

उघडलं? लगेच बंद करू नका!

इथे भलेभले फसतात. बोनेट उघडलं, ‘झालं एकदाचं’ म्हणून आनंदाने आपटून बंद केलं आणि पुन्हा अडकलं. आता स्प्रेही संपलेला.

आधी दांडी नीट लावा. लॉकवरची धूळ-माती जुन्या टूथब्रशने साफ करा. आकडा हलतो तिथे आणि सेफ्टी कॅचला ग्रीस लावा. नुसत्या स्प्रेवर भागवू नका. तो गंज सोडवतो, पण थोड्या दिवसांत वाळून जातो. टिकतं ते ग्रीस.

मग सगळ्यात महत्त्वाची चाचणी. बोनेट उघडंच ठेवा. कडीच्या जागी स्क्रू ड्रायव्हरचा दांडा आकड्यात दाबा. आकडा ‘खट्’ करून बंद होईल. आता मित्राला खटका ओढायला सांगा. आकडा झटकन सुटला, तर जिंकलात. असं चार-पाच वेळा करा. एकदाही अडकला, तरी बोनेट बंद न करता मेकॅनिक गाठा. केबल सैल वाटत असेल, तर ती बदलूनच घ्या. पूर्ण तुटल्यावर बदलणं जास्त वेळखाऊ असतं.

बंद करताना दांडी जागेवर बसवा, बोनेट वीतभर उंचीवर आणा आणि सोडून द्या. वजनाने आपोआप लॉक होतं. शेवटी पुढच्या कडेला धरून वर उचलून बघा. हललं, तर लॉक नीट लागलेलं नाही.

ही शेवटची सवय विनोदाने घेऊ नका. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. आपल्याकडून सावंगी किंवा माळीवाड्याला चढलात, की कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा. त्या वेगात अर्धवट लागलेलं बोनेट उसळलं, तर समोरची काच एका क्षणात झाकली जाते. तसं झालंच, तर करकचून ब्रेक मारू नका. स्टीअरिंग सरळ धरा, हळूहळू वेग कमी करा, हझार्ड लाइट लावा. बोनेटच्या खालच्या फटीतून किंवा बाजूच्या खिडकीतून रस्ता बघत डावीकडे थांबा. पण मुळात निघण्याआधी दोन सेकंद बोनेट उचलून बघितलं, तर ही वेळ यायचं कारणच उरत नाही.

गाड्यांच्या गावातली मुलं आपण

वाळूजला दुचाकी तयार होतात. शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जुळवल्या जातात. देशभरातल्या वाहनांना सुटे भाग पुरवणाऱ्या एन्ड्युरन्स आणि व्हेरॉक या कंपन्या इथल्याच. स्टेशन रोडच्या परिसरात इंजिनीअरिंग कॉलेज आणि पॉलिटेक्निक आहे. सकाळी कंपनीच्या बस भरून जातात, त्यात आपल्यापैकी कित्येकांचे काका, मामा, भाऊ असतात. अशा शहरात राहून आपण बोनेटपुढे हात टेकतो, हे जरा गंमतीशीरच आहे.

कमीपणा वाटून घ्यायचा नाहीये. आर्ट्सला असाल, कॉमर्सला असाल, तरी हे जमतं. मुलींनो, ‘तू बाजूला हो, भावाला बघू दे’ असं कुणी म्हणालं, तर खटका कसा लागतोय ते आधी तुम्हीच सांगा. पुढचं संभाषण बदलून जाईल! आणि इंजिनीअरिंगच्या मित्रांनो, तुमच्याच वयाचा आयटीआयवाला मुलगा जे हाताने ओळखतो, ते आपल्या नोट्समध्ये नसतं. त्याला विचारायला काही लागत नाही. मला ते वेरूळच्या रस्त्यावर, आजीसमोर शिकावं लागलं.

त्या दिवशी आम्ही लग्नाला पोहोचलो, तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. जेवणाच्या पंगतीत आजीने सगळ्या नातेवाइकांना ती गोष्ट सांगितली. माझ्या हातात आलेल्या प्लॅस्टिकसकट. अजूनही सांगते.

या रविवारी घरच्या गाडीचं बोनेट उघडा. लॉक कुठे आहे बघा, केबल कुठून जाते बघा, थोडं ग्रीस लावा. आणि खटका ओढताना हाताला काय लागतं, ते नीट लक्षात ठेवा. गाडी चांगली असताना कशी लागते हे माहीत असेल, तरच ती बिघडल्यावर तुम्हाला कळेल.

गाडीत हे असू द्या

- पक्कड आणि लांब स्क्रू ड्रायव्हर
- गंज सोडवणारा स्प्रे आणि ग्रीसची छोटी डबी
- जुना टूथब्रश, फडकं, हातमोजे
- छोटा टॉर्च (मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते!)
- पाण्याच्या दोन बाटल्या: गाडीसाठी आणि तुमच्यासाठी
- गाडीचं मॅन्युअल. खटका कुठे आणि सेफ्टी कॅच कोणत्या बाजूला सरकतो, ते त्यात चित्रासकट असतं. एकदा तरी उघडून बघा.